पायपुसण्यावर छापलेले पंचेचाळीस

दि. १४ ऑक्टोबर २०२५, मंगळवार. सकाळी साडेअकरा वाजता आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रातील अंशकालीन स्त्री परिचर श्रीमती भागिरथा जानराव सरकटे, वय चोपन्न, सेवा सोळा वर्षे, यांच्याकडून उपकेंद्राची किल्ली काढून घेण्यात आली. लेखी आदेश दिला गेला नाही. तोंडी कारण असे सांगण्यात आले की त्या ‘गरोदर मातांमध्ये वजनाविषयी अफवा पसरवतात’. त्या वेळी खोलीत नऊ गरोदर स्त्रिया, एक आरोग्यसेविका, एक पाहणी अधिकारी आणि मी एवढे लोक हजर होतो. हरकत मी एकट्याने घेतली. ती कोणत्याही कागदावर उतरलेली नाही, म्हणून येथे नोंदवतो.

मी येथील शाळेत पदार्थविज्ञान शिकवतो आणि गावच्या आरोग्य व पोषण समितीचा सदस्य आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही. सोयाबीन-तुरीवर जगणाऱ्या आणि वाशीमच्या बाजाराला भाजी पाठवणाऱ्या कोणत्याही गावाचे नाव येथे घातले तरी मजकुरात एका अक्षराचा फरक पडणार नाही. माझ्या संतापाचे एक कारण तेच आहे.

भागिरथाबाईंचे माहेर शिरपूर जैनकडचे. घरात बाबासाहेबांची तसबीर होती आणि मुलींनी शिकावे असा बापाचा हट्टही होता, पण तो चौथीपर्यंत पुरला. त्या चार वर्षांतली अक्षरे पुढे पुसट होत गेली. आकडे मात्र राहिले. सतराव्या वर्षी लग्न होऊन त्या आमच्या गावात आल्या, आणि पुढची वीस वर्षे प्रत्येक हिवाळ्यात नवऱ्यासोबत लोकांच्या शेतात कापूस वेचत राहिल्या. कापूसवेचणीची मजुरी वजनावर मिळते. वेचणारी बाई गाठोडे बांधते, मालकाच्या काट्यावर लावते आणि मालक जो आकडा सांगेल तो ऐकून घेते. काटा मालकाचा, वाचणारा मालकाचा, वहीही मालकाची. भागिरथाबाईंनी या व्यवहारात स्वतःची एक रीत बसवली होती. काट्याला लावण्याआधी त्या गाठोडे गुडघ्यापर्यंत उचलत, क्षणभर तसेच धरत आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा आकडा बोलत. मगच ते काट्याच्या हुकाला अडकवू देत.

एका हंगामात पंजाबरावांच्या शेतात त्या तेवीस म्हणाल्या आणि काट्याने एकोणीस दाखवले. पंजाबराव हे गावातले मोठे शेतकरी; उपकेंद्रासमोरचे गोदाम त्यांचेच. भागिरथाबाई गाठोड्यावर बसून राहिल्या आणि काटा खाली उतरवून दाखवा म्हणाल्या. उतरवला, तेव्हा त्याच्या स्प्रिंगला आतून तार गुंडाळलेली निघाली. पंजाबरावांनी तेवीसची मजुरी दिली, त्यांना ‘तराजूबाई’ असे नाव दिले, आणि पुन्हा कधीही वेचणीला बोलावले नाही. दुसऱ्या शेतांतूनही बोलावणी हळूहळू बंद झाली. बरोबर आकडा सांगितल्याबद्दल या बाईंना कामावरून काढण्याची ती पहिली वेळ होती.

नवरा जानराव गेले त्याच्या पुढच्या वर्षी, २००९ मध्ये, त्यांना उपकेंद्रात अंशकालीन परिचराचे काम मिळाले. या पदाला अंशकालीन म्हणतात, कारण पूर्ण दिवसाचे काम करून घेऊन अर्ध्या दिवसाचेही मानधन न देण्यास त्या शब्दामुळे सोय होते. झाडणे, पाणी भरणे, उपकरणे उकळणे, लसीचा डबा वाहणे आणि महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी गरोदर स्त्रियांना घरोघरी जाऊन बोलावून आणणे ही कामे त्यांनी सोळा वर्षे केली. या काळात तीन आरोग्यसेविका बदलल्या, किल्ली मात्र त्यांच्याच कमरेला राहिली.

आता काट्याकडे येतो.

दि. २० जून २०२४, गुरुवार. उपकेंद्रातला वजनाचा इलेक्ट्रॉनिक काटा महिनाभर बंद होता. तो दुरुस्त करायला एक माणूस आला. त्याने यंत्र उघडले, जोडले, आणि सांगितले की याला एकदा खरे पन्नास किलो वजन दाखवावे लागेल. त्या मापाने मग ते बाकीचे सगळे मोजेल. खरे पन्नास किलो वजन त्याने आणले नव्हते. दारात उभे असलेले पंजाबराव म्हणाले, त्यात काय, युरियाचे पोते पन्नासाचेच असते, आणि त्यांनी दोन गड्यांकरवी समोरच्या गोदामातून एक सीलबंद पोते आणवले. ते काट्यावर ठेवले गेले, दुरुस्तीवाल्याने दोन बटणे दाबली, पडद्यावर पन्नास आले. समितीच्या वतीने मी पंचनामा लिहिला. ‘प्रमाणित पन्नास किलो वजन ठेवून काटा तपासून घेतला व तो अचूक आढळला.’ ‘प्रमाणित’ हे विशेषण माझे. पोत्यावर काय छापले आहे ते मी वाचले नाही. मी पदार्थविज्ञान शिकवतो हे वर लिहिलेच आहे.

पोते उतरवताना दाराच्या पत्र्यात अडकून फाटले. युरिया दुसऱ्या पोत्यात भरला गेला आणि फाटके पोते तेथेच पडले. भागिरथाबाई त्या दिवशी लसीचा डबा घेऊन वस्तीवर गेल्या होत्या. संध्याकाळी त्यांनी ते पोते धुतले, घडी घालून शिवले आणि उपकेंद्राच्या उंबऱ्यासमोर पायपुसणे म्हणून टाकले.

तालुक्याने त्या वर्षी एक चांगली व्यवस्था सुरू केली होती, आणि ती चांगली होती हे मी कबूल करतो. नोंदणीच्या दिवशी ज्या गरोदर बाईचे वजन पंचेचाळीस किलोच्या आत भरेल तिचे नाव वेगळ्या यादीत घालायचे. त्या यादीतल्या बाईला रोज दोन अंडी आणि शेंगदाण्याचे लाडू, दर पंधरा दिवसांनी डॉक्टरांची तपासणी, रक्त कमी असेल तर शिरेतून लोह. आधीच्या वर्षी आमच्या उपकेंद्रात बावन्नांपैकी एकोणीस बायका पंचेचाळीसच्या आत होत्या. काटा दुरुस्त झाल्यानंतरच्या वर्षात एकोणपन्नासांपैकी तीन. एका वर्षात या गावाने असे काय खाल्ले की त्याच्या लेकीसुना एवढ्या भरल्या, हा प्रश्न कोणालाही पडला नाही. गावाला प्रशस्तिपत्र मिळाले. ते उपकेंद्राच्या भिंतीवर चौकटीत लावले आहे. त्या प्रसंगाच्या छायाचित्रात पंजाबरावांच्या उजव्या बाजूला मी उभा आहे.

भागिरथाबाईंचा मुलगा संघपाल वाशीमला हार्डवेअरच्या दुकानात काम करतो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. त्याची बायको रूपा. दि. ११ फेब्रुवारी २०२५ रोजी, तिसऱ्या महिन्यात, तिची नोंदणी झाली. वजन सेहेचाळीस. यादीच्या रेषेच्या एक किलो वर. पुढच्या प्रत्येक महिन्याच्या मंगळवारी आकडा वाढत गेला आणि आरोग्यसेविका तनुजाताई कार्डावर ‘समाधानकारक’ लिहीत गेल्या. जूनमध्ये पडद्यावर साडेएकोणपन्नास दिसले, तेव्हा भागिरथाबाईंनी आळीत सांगितले की आमच्या सुनेने पन्नासी गाठली. ज्या बाईने आयुष्यभर कोणाच्या काट्यावर विश्वास ठेवला नाही, तिने या एका काट्यावर ठेवला, कारण तो सरकारी होता आणि त्यात तिचे नुकसान करून कोणाचा फायदा होताना दिसत नव्हता.

रूपाने तो आकडा वेगळ्या रीतीने ऐकला. आमच्याकडे बायका एकमेकींना सांगतात की पोटात मूल मोठे झाले की कापावे लागते. कार्डावर ‘समाधानकारक’ आणि पडद्यावर पन्नास. आता आणखी खाल्ले तर ऑपरेशन होणार, असे समजून तिने रात्रीची भाकर सोडली. घरात कोणाला सांगितले नाही. लोहाच्या गोळ्यांनी मळमळते म्हणून त्याही उशीखाली जमा होत गेल्या.

दि. ८ जुलै, मंगळवार. रूपा उपकेंद्राच्या पायरीवर घेरी येऊन पडली. भागिरथाबाई झाडू टाकून धावल्या, तिच्या मानेखाली एक आणि गुडघ्यांखाली एक हात घातला, एकट्यांनी उचलले आणि आत टेबलावर ठेवले. पाणी पाजल्यावर ती उठून बसली. तनुजाताईंनी नेहमीप्रमाणे वजन घेतले. पन्नास पूर्णांक एक. त्या लिहू लागल्या, तेव्हा भागिरथाबाईंनी कार्डावर हात ठेवला.

“सिस्टर, हे पोरगी पन्नासाची नाई.”

“मावशी, समोर पडद्यावर दिसतंय ना?”

“मशीनले दिसते. माह्या हाताले लागली. म्या आत्ता उचलली तिले. पंचेचाळीसच्या वर नाई जात.”

“मग काय, मशीन खोटं बोलतं?”

“कापसाचा काटा बोले. मंग ह्याले काय धाड भरली?”

रांगेतल्या बायका हसल्या. एक जण म्हणाली, तराजूबाई, मलेही उचलून पाह्य. भागिरथाबाईंनी तिलाही उचलले आणि अठ्ठेचाळीस म्हणाल्या. पडद्याने त्रेपन्न दाखवले. तिसरीला उचलल्यावर पुन्हा पाचाचाच फरक आला. मग कोणी हसले नाही. तनुजाताईंनी तीन गावांचे काम आहे, खेळ पुरे, असे सांगून रांग पुढे नेली आणि पन्नास पूर्णांक एक हाच आकडा लिहिला.

दुपारी भागिरथाबाई माझ्या घरी आल्या. बसा म्हटले तर बसल्या नाहीत.

“सर, तुमी सायन्स शिकवता. काटा खरा का खोटा, हे कायनं समजते?”

मी म्हणालो, ज्याचे वजन आधीच पक्के ठाऊक आहे अशी वस्तू त्यावर ठेवून.

“मंग ठेवा.”

चंपत हा आमच्याकडचा बागायतदार. वांगी, मेथी, टोमॅटो वाशीमला नेतो. त्याच्याकडे वैधमापन खात्याचा शिक्का असलेली लोखंडी वजने आहेत. वीस किलोची दोन आणि पाच किलोचे एक अशी तीन वजने त्याने स्वतः मोटारसायकलवर आणून दिली. कशासाठी, ते ऐकल्यावर त्याने विचारले.

“सर, माह्या वांग्याच्या वजनाईले दर दोन सालाले शिक्का मारून घ्या लागते. नाई मारला त दंड. बायाच्या काट्याले कोण शिक्का मारते?”

उत्तर मला माहीत होते: कोणीच नाही.

उपकेंद्रात जाऊन पंचेचाळीस किलो लोखंड काट्यावर ठेवले. पडद्यावर पन्नास आले. शून्य बरोबर दिसत होते, आकडा स्थिर होता, यंत्र निरोगी होते. त्याला फक्त पंचेचाळीसला पन्नास म्हणायला शिकवले गेले होते. म्हणून ते एक्केचाळीसला सेहेचाळीस म्हणत होते, आणि गावातल्या जवळजवळ प्रत्येक कमी वजनाच्या बाईला यादीच्या रेषेपलीकडे ढकलत होते.

भागिरथाबाईंनी विचारले, दुरुस्तीच्या दिवशी कोणते पोते ठेवले होते. मी म्हणालो, युरियाचे. त्या दारापाशी गेल्या, पायपुसणे उचलले, झटकले, शिवण उसवली आणि आतली बाजू बाहेर काढली. वर्षभर ज्यावर गावातल्या प्रत्येक गरोदर बाईने, तनुजाताईंनी, पाहणीला आलेल्या साहेबांनी आणि मी चपला पुसल्या, त्या पोत्यावर निव्वळ वजन छापलेले होते. त्या आकड्यांवरून बोट फिरवत त्यांनी वाचले.

“चार, पाच.” मग माझ्याकडे पाहिले. “पन्नास कोणं म्हटलं होतं?”

म्हटले पंजाबरावांनी होते आणि लिहिले मी. सरकारने युरियाचे पोते पंचेचाळीस किलोचे केल्याला तेव्हा कित्येक वर्षे झाली होती. दर हंगामात ते डोक्यावर वाहणारा, फोडणारा, फेकणारा एकूण एक माणूस गावात अजूनही त्याला पन्नासाची बॅगच म्हणतो. तोंडात बसलेला जुना आकडा डोळ्यांसमोर छापलेल्या नव्या आकड्यापेक्षा आम्हाला खरा वाटतो. अडाणी माणसाने हे करावे हे मी समजू शकतो. माझ्याकडे पदवी होती.

मी दोन दिवसांत सविस्तर पत्र दिले. सोबत वजनांची छायाचित्रे, पोत्याचे छायाचित्र आणि माझ्या चुकीच्या पंचनाम्याची प्रत जोडली. त्या वेळी रूपाला आठवा महिना लागत होता. ती यादीत गेली तर दोन महिने अंडी, लाडू, लोह आणि डॉक्टर मिळणार होते. माझे एवढेच मागणे होते: तिची आणि तिच्यासारख्या इतरांची नावे त्याच आठवड्यात यादीत घाला.

दि. २२ जुलैला पाहणी अधिकारी आले. त्यांनी वजने ठेवून पाहिली, पन्नास आलेले पाहिले आणि खुर्चीवर बसले. मग त्यांनी जे सांगितले ते मी शब्दशः टिपून ठेवले आहे. नोंदणीच्या दिवशीचे वजन पोर्टलवर कायम झालेले असते. मागील नोंद बदलता येत नाही. यादी नोंदणीच्या वजनावर चालते. त्यामुळे सदर माता निकषात बसत नाही. शिवाय एकाच उपकेंद्रात एकदम पंधरा-वीस बायका कमी वजनाच्या निघाल्या, तर मिळालेल्या प्रशस्तिपत्राचे काय करायचे, हेही त्यांनी विचारले. ते विचारताना त्यांना संकोच वाटला नाही.

भागिरथाबाई त्यांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“साहेब, कागद तुमचा तसाच राहू द्या. नाव लिहू नका. पोरीले फक्त डाक्टरले दाखवा अन् अंडे-लाडू सुरू करा.”

“नाव नसेल तर देता येत नाही, बाई.”

“मंग नाव लिहा.”

“नाव लिहायला वजन लागतं.” त्यांनी रजिस्टर मिटले. “सून तुमचीच ना ही? आणि काट्याच्या खोलीची किल्लीपण तुमच्याकडेच.”

एवढेच म्हणाले. पुढचे वाक्य बोलण्याची गरज त्यांना वाटली नाही. ज्या बाईने खोटा काटा पकडला, तिनेच सुनेच्या अंड्यांसाठी तो बिघडवला असावा, ही शंका त्यांनी सगळ्यांच्या देखत खोलीत सोडून दिली आणि ते जीपमध्ये बसले. संध्याकाळपर्यंत पंजाबरावांच्या ओट्यावर तीच शंका वस्तुस्थिती म्हणून सांगितली जात होती.

उशीखालच्या गोळ्या त्याच आठवड्यात सापडल्या, आणि सोडलेल्या भाकरीचीही गोष्ट रूपाकडून बाहेर आली. भागिरथाबाई तिच्यावर रागावल्या नाहीत. आळीत पन्नासी सांगत मीच फिरले, असे त्या मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिला एसटीने वाशीमला घेऊन गेल्या. रक्त सात पूर्णांक चार निघाले. तेथल्या डॉक्टरांनी शिरेतून लोह दिले, पुन्हा बोलावले, आणि एवढे दिवस कोठे होता असे विचारले. तो प्रश्न योग्य होता, पण चुकीच्या माणसाला विचारला गेला. पुढचे चार आठवडे भागिरथाबाई दोन्ही वेळा सुनेचे जेवण होईपर्यंत समोर बसत. अंडी त्या स्वतःच्या कोंबड्यांची देत. ज्या बायकांच्या सासूच्या घरी कोंबड्या नव्हत्या किंवा ज्यांची सासू भागिरथाबाई नव्हती, त्यांचे काय झाले, हे कोणत्याही रजिस्टरात नाही.

दि. १९ ऑगस्टला, दिवस भरायच्या तीन आठवडे आधी, रूपाला मुलगी झाली. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो होतो. परिचारिकेने मूल आजीच्या हातात दिले, तेव्हा त्यांनी ते जुन्या सवयीने क्षणभर तसेच तोलून धरले. “अठराशे,” त्या म्हणाल्या. परिचारिकेने कार्ड पाहिले. एक हजार आठशे वीस ग्रॅम. तिने विचारले, तुम्हाला कसे कळले. भागिरथाबाईंनी मूल परत दिले, कारण त्याला काचेच्या पेटीत ठेवायचे होते. मुलगी बावीस दिवस त्या पेटीत राहिली. ती जगली आहे. हे कोणाच्या कर्तबगारीत मोजले जाऊ नये म्हणून मुद्दाम लिहितो: ती आमच्या उपकेंद्रामुळे जगलेली नाही.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी नवा काटा आला. माझ्या पत्राचा हा एकमेव परिणाम. चंपतची वजने त्यावर ठेवून मी स्वतः पाहिली. पंचेचाळीसला तो पंचेचाळीस म्हणाला. मला वाटले, निदान पुढच्या बायकांपुरता प्रश्न सुटला.

सुटला नव्हता. नव्या काट्यावर प्रत्येक बाई मागच्या महिन्यापेक्षा चार-पाच किलोंनी कमी भरू लागली. कार्डावरची वाढीची रेषा कड्यावरून पडावी तशी पडणार होती, आणि वरच्या कार्यालयात तिचा जाब द्यावा लागला असता. म्हणून फोनवर तोंडी सूचना आली की तूर्त प्रत्येक वजनात पाच मिळवून लिहा, रेषा तुटता कामा नये. तनुजाताई तसे लिहू लागल्या. त्या वाईट आहेत असे मी म्हणत नाही. तीन गावांचे काम एकटीवर आहे आणि सूचना वरून आलेली आहे, हे त्यांनी मला डोळ्यांत पाणी आणून सांगितले. पण डोळ्यांतले पाणी रजिस्टरात उतरत नाही. तेथे पाच उतरतात. जुन्या काट्याला निदान आपण खोटे बोलतो हे ठाऊक नव्हते. आता खरा काटा समोर ठेवून, तो वाचून, माणसे खोटे लिहू लागली. आणि या वेळी नव्याने नोंदणी झालेल्या बायकांच्याही वजनात ते पाच किलो घातले गेले, म्हणजे त्याही यादीबाहेर गेल्या.

भागिरथाबाईंची नात वाचली होती, सून उठून घरात वावरू लागली होती. त्या गप्प बसल्या असत्या तर त्यांचे स्वतःचे काहीच बिघडणार नव्हते. दि. १४ ऑक्टोबरला त्या काट्याशेजारी उभ्या राहिल्या आणि प्रत्येक बाई खाली उतरताना तिला दोन आकडे सांगू लागल्या, मोठ्याने, पूर्वी कापसाच्या गाठोड्याचे सांगत तसे.

“मशीनवर त्रेचाळीस हाय. कार्डावर अठ्ठेचाळीस लिहून राह्यले. घरी सासूले मशीनचा सांगजो. अन् भाकर सोडू नको.”

सहा बायकांना त्यांनी असे सांगितले. सहाव्या वेळी पाहणी अधिकारी दारात येऊन उभे होते. अफवा हा शब्द तेव्हाच प्रथम उच्चारला गेला. त्यांनी हात पुढे केला आणि किल्ली मागितली. मी म्हणालो की अफवा म्हणजे जे खरे नाही ते; पडद्यावरचा आकडा तुमच्या समोर आहे, वाचा. त्यांनी पडद्याकडे पाहिले नाही. भागिरथाबाईंनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

“किल्ली घ्या, साहेब. बायाचे पाच किलो तेवढे वापस करा.”

एवढे बोलून त्या गेल्या. राहिलेल्या तीन बायकांची वजने मग कोणी मोठ्याने वाचली नाहीत.

त्या आता पुन्हा वेचणीला जातात. पंजाबरावांकडे नाही, चंपतच्या भावाच्या शेतात. गाठोडे अजूनही आधी स्वतः उचलतात. मी त्यांच्यासाठी तीन अर्ज दिले आहेत. एका अर्जाला पोच मिळाली, उत्तर एकालाही नाही. परंतु हा मजकूर मी त्यांच्या नोकरीसाठी लिहिलेला नाही, आणि तसे लिहू नये असे त्यांनीच मला बजावले आहे. त्या दिवशीच्या नऊ बायकांपैकी पाच जणी पडद्यावर पंचेचाळीसच्या आत होत्या. त्या पाचही जणी कार्डावर पंचेचाळीसच्या वर आहेत. त्यांतली एक चौथ्या महिन्यात आहे. तिच्याकडे अजून वेळ आहे, आणि तो वेळ रोज कमी होतो.

वाचकांकडे माझी मागणी एकच आहे. आपल्या गावातल्या भाजीवाल्याकडून किंवा धान्यवाल्याकडून शिक्का असलेली लोखंडी वजने मागून घ्या. पोते नेऊ नका. येत्या तपासणीच्या दिवशी आपल्या उपकेंद्रात जा, ती वजने गरोदर बायकांच्या काट्यावर ठेवा, आणि पडद्यावर येणारा आकडा तारीख घालून, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी लिहून घ्या. त्यानंतर तेथेच उभे राहा आणि प्रत्येक बाईच्या कार्डावर तोच आकडा उतरतो की नाही ते पाहा. काटा चुकीचा निघाला किंवा लिहिणारा चुकीचे लिहू लागला, तर त्या दिवशी एकाही बाईचे वजन तेथे लिहू देऊ नका.